टांग्याच्या पायरीवर

आमच्या घरी एक सिनेमा होता. अख्खा सिनेमा, पत्र्याच्या गोल डब्यांत भरलेला आणि माळ्यावर ठेवलेला. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण नावाची पाटी ज्या तुकड्यावर होती तो तुकडा केव्हाच फाटून गेला होता. आम्ही त्याला शेठचा सिनेमा म्हणायचो. माझे आजोबा तरुणपणी एका फिरत्या तंबूत सिनेमाचं यंत्र चालवायचे. बोलपट आले, तंबूच्या मालकाचं दिवाळं वाजलं, आणि थकलेल्या पगारापोटी त्यानं आजोबांना हातानं फिरवायचं यंत्र आणि हा एक मुका सिनेमा देऊन टाकला. पगार बुडाला तो बुडालाच. पण बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी एका संध्याकाळी तो सिनेमा दाखवायचा, ही रीत तेव्हापासून पडली आणि नव्वदच्या दशकापर्यंत टिकली.

आमची माणसं इथं तीनशे वर्षांपूर्वी आलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पुण्याचा पाहुणा आला की आमची भाषा ऐकून तोंड लपवून हसायचा, म्हणून आम्ही ती परक्यासमोर फारशी काढायचोच नाही. आमच्यासारखं कुणी बोललं की मात्र तो लगेच घरचा. ही आमची खोड होती, आणि ती आम्हाला फार महागात पडली.

मुक्या सिनेमात मधेमधे पाट्या येतात. आमच्या सिनेमातल्या पाट्या गुजराती आणि इंग्रजीत होत्या, त्यामुळे पडद्याशेजारी स्टुलावर उभं राहून, काठीनं दाखवत गोष्ट सांगायला माणूस लागायचा. आधी आजोबा सांगायचे, मग माझे वडील. वडिलांना सगळं राजाजीनगर अण्णा म्हणायचं, आम्ही मुलंसुद्धा. अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. तिथं जन्मभर त्यांचं कुणी ऐकलं नाही, घरी आई ऐकून घ्यायची नाही, पण वर्षातून एक संध्याकाळ दीडदोनशे माणसं श्वास रोखून त्यांचं ऐकायची. शेठसाठी त्यांचा एक आवाज होता, तुपात तळल्यासारखा. म्हातारीसाठी दुसरा. मी शाळेत असल्यापासून यंत्राचं हँडल माझ्याकडे होतं. ती जुनी फिल्म भसकन पेट घेते म्हणून माझ्या पायाशी वाळूच्या बादल्या आणि ओली गोणपाटं असायची. त्यामुळे अण्णांना आणि ऐकणाऱ्यांना मी नेहमी मागून पाहिलं आहे.

गोष्ट साधी होती. एक शेठ शहरात पेढी काढतो. गोड बोलून विधवांचे, गिरणीतल्या मजुरांचे, देवळाच्या पेटीतले पैसे गोळा करतो. घरी चांदीच्या ताटात जेवतो आणि दाराला आतून कडी लावून मोहरांवरून हात फिरवत बसतो. एक दिवस पेढीला कुलूप लागतं. पायरीवर एक म्हातारी बोचकं मांडीवर घेऊन बसते आणि उठतच नाही. शेठ पैशांची पेटी घेऊन मागच्या दारानं निघतो, टांग्याच्या पायरीवर एक पाय ठेवतो, आणि वळून मागं बघतो. तिथं पाचवं रीळ संपायचं. सहावं रीळ माझ्या जन्माच्या कितीतरी आधी डब्यातल्या डब्यात वितळून काकवीसारखं झालं होतं. म्हणून मी हँडल थांबवायची, पडदा पांढरा पडायचा, आणि शेवट अण्णा तोंडानं सांगायचे. शेठला म्हातारी दिसते. त्याच्या काळजात कालवतं. तो टांग्यातून उतरतो, पेढीचं दार उघडतो आणि ज्याचे त्याला पैसे परत देतो. इथं टाळ्या पडायच्या. आरती व्हायची आणि माणसं प्रसाद घेऊन समाधानानं घरी जायची. आजोबांनी अण्णांना जो शेवट सांगितला तोच हा, असं मी धरून चालले होते.

आता आत्या. अण्णांची धाकटी बहीण, लग्नानंतर चार वर्षांत विधवा झालेली, मूलबाळ नाही. एका शाळेत गणित शिकवून तिनं जन्म काढला. राजाजीनगरातच आमच्यापासून दोन गल्ल्यांवर तिच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, मागं न्हाणीघर आणि एक कढीपत्त्याचं झाड. तीस वर्षं ती तिथं राहिली. भावानं कितीदा बोलावलं तरी गेली नाही. म्हणायची, "अण्णा, तुझ्या घरी मी पाहुणी. इथं मी यजमानीण." मी भांडून निघायची ती तिच्याकडेच. तिच्या घरी कुणी काही विचारत नसे, ताटात भात आणि त्यावर चिंचेचं पातळ सारू पडायचं, एवढंच.

ती निवृत्त झाली त्या वर्षी घरमालकाच्या मुलांनी ती जागा विकायची ठरवली. मालक म्हातारा, देवमाणूस. तो तिला म्हणाला, "टीचरम्मा, पहिला हक्क तुमचा. पुढच्या दीपावळीपर्यंत थांबतो. मग मात्र मुलं ऐकणार नाहीत." आत्याकडे शाळेतून मिळालेली सगळी पुंजी होती, आणि ती घराच्या किमतीला चौथाईनं कमी पडत होती. वर्षभर काटकसर, शिकवण्या, आणि उरलेले अण्णा देतील, असं ठरलं होतं. अंथरूण पाहून पाय पसरणारी बाई होती ती. त्या हिशोबानं तिला घर मिळालंच असतं.

त्याच सुमाराला तो आला. त्या वर्षांत बंगळूरमध्ये फायनान्स कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. दर गल्लीत एक काचेचं दार, आत थंड हवा आणि भिंतीवर लक्ष्मी. पण त्या कंपन्या परक्यांच्या. हा आमच्यातला. याचे वडील मंडळात सतरंज्या घालायचे. हा मुंबईला जाऊन पांढरी गाडी घेऊन परत आला आणि राजाजीनगरच्या हमरस्त्यावर त्यानं कंपनी काढली. देवनहळ्ळीला विमानतळ येणार अशी तेव्हा हवा होती. तिथल्या जमिनी आजच घ्यायच्या, प्लॉट पाडायचे, आणि ठेवीदारांना वर्षात जवळजवळ दीडपट द्यायचे, असा त्याचा धंदा. निदान त्यानं सांगितला तो तरी.

तो पहिल्यांदा आमच्या घरी आला तो प्रसंग मला लख्ख आठवतो. त्यानं चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या. अण्णांच्या पाया पडला आणि खाली जमिनीवरच बसला. आई खुर्ची पुढं करू लागली तर म्हणाला, "बेड, नको वैनी. अण्णांच्या पुढं मी नेहमी खालीच बसलोय. सिनेमात सगळ्यांच्या पुढं कोण बसायचं? मीच की! शेठसारखं व्हायचं नाही, हे मी अण्णांच्याकडनं शिकलो बघा."

झालं. अण्णा हरभऱ्याच्या झाडावर चढले. त्यांच्या सिनेमानं कुणाचं आयुष्य घडवलं, असं त्यांना तोवर कुणी म्हटलंच नव्हतं. मला त्या माणसाचा तेव्हाच संताप आला होता, पण कारण सांगता येत नव्हतं. फार गोड होता एवढंच, आणि गोड असणं हा काही गुन्हा नव्हे.

महिनाभरात अण्णा कंपनीचे सल्लागार झाले. सल्ला काय द्यायचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना काच बसवलेलं एक टेबल मिळालं, त्यावर त्यांच्या नावाची पाटी, दोन वेळा कॉफी. मानधन म्हणून काहीतरी किरकोळ. लोक वडिलांना पैशांचे लोभी म्हणाले पुढं, ते खरं नाही. त्यांना लोभ होता तो ऐकणाऱ्यांचा. दर शनिवारी कंपनीच्या वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत आमची माणसं जमायची आणि अण्णा पडद्यापाशी उभं राहायच्या त्याच थाटात विमानतळ, रुंद रस्ते, देवनहळ्ळीच्या जमिनीचं सोनं कसं होणार ते सांगायचे. माणसं ऐकून खाली जायची आणि ठेव ठेवायची. जन्मभर वाट पाहिलेला मान त्यांना एका टेबलाच्या किमतीत मिळाला होता.

एका रविवारी त्यानं सगळ्यांना दोन बसेस करून देवनहळ्ळीला नेलं. शेतात चुना फासलेले दगड रांगेत रोवले होते, मधे दोऱ्या ताणल्या होत्या. चित्रान्न, दहीभात, केळी. बायका आपापला प्लॉट कुठला ते दाखवत पदर सावरून दगडांवर बसल्या. अण्णांनी हात लांब करून आकाशाकडे दाखवलं आणि विमान कुठून उतरणार ते सांगितलं. सगळ्यांनी माना वर केल्या. त्या रिकाम्या आभाळाकडे आमची एवढी शहाणीसुरती माणसं टक लावून बघत होती.

परतीच्या बसमध्ये अण्णांनी आत्याकडे विषय काढला. "एवढे पैसे बँकेत कुजवतेस. इथं अकरा महिने ठेव. दीपावळीच्या आधी घराची सगळी रक्कम हातात येते, वर रंगरंगोटीला उरतात."

"आणि नाही आले तर?"

"नाही येणार म्हणजे काय? मी बसलोय ना तिथं."

आत्या गणिताची. तिनं घरी येऊन पाटीवर आकडे मांडले आणि मला म्हणाली, "एवढं व्याज कुठल्या धंद्यातनं येतं ते मला कळत नाही. पण अण्णा बसलाय तिथं." दुसऱ्या आठवड्यात तिनं सगळी पुंजी आणून दिली. पावती अण्णांनी स्वतः तिच्या हातात ठेवली, देवाचा प्रसाद देतात तशी, दोन्ही हातांनी.

काही महिने व्याज चोख आलं. आवळा देऊन कोहळा काढण्याची ही जुनीच रीत आहे, पण आवळा हातात पडतो तेव्हा तो फार गोड लागतो. ज्यांनी थोडे ठेवले होते त्यांनी जास्त ठेवले. कुणी बांगड्या मोडल्या, कुणी मुलीच्या लग्नाचे दिले. मग जूनमध्ये एका सकाळी कंपनीचं शटर उघडलंच नाही.

मी माझ्या कचेरीतून परत येताना पाहिलं तेव्हा रस्त्यावर ही गर्दी. तामीळ, कन्नड, तेलुगू, सगळ्या भाषांत शिव्या चालल्या होत्या. आमच्याखेरीजही शेकडो लोक बुडाले होते हे तेव्हा कळलं. लोकांनी शटर वाकवून टंकयंत्रं, पंखे, खुर्च्या, जे मिळेल ते नेलं. दोघंजण एक टेबल उचलून नेत होते, काच फुटलेली. ते अण्णांचं होतं. संध्याकाळपर्यंत परक्या ठेवीदारांनी पोलिसांत जाऊन तक्रारीवर सह्याही केल्या.

आमच्या माणसांनी काय केलं? मंडळात सभा घेतली. हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि कुणी मान वर करत नव्हतं. बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊया." तेव्हा अण्णा उठले. आवाज तोच, पडद्यापाशीचा.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," ते म्हणाले. "घरातली गोष्ट चौकीवर न्यायची? त्याचा बाप याच हॉलमध्ये सतरंज्या घालायचा. कुणीतरी त्याला अडकवलं असेल. तो येईल. गणपतीला येईल. आपल्या माणसाला तोंड दाखवल्याशिवाय राहणार नाही तो."

कोपऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "शेठ पण आलाच होता की परत."

दोनचार जण हसले. त्या हसण्यानं हॉल जरा सैल झाला, आणि कंडक्टरकाका खाली बसले. पुढं कितीतरी वर्षं मी या वाक्यावर विचार केला आहे. चेष्टेत म्हटलेलं होतं ते, पण त्या हॉलमधली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती लहानपणापासून दर गणपतीला शेठला टांग्यातून उतरताना ऐकत आली होती. ऐकतच, पाहिलं कुणी नव्हतं. दुसऱ्या कुठल्या जातीत, दुसऱ्या कुठल्या गल्लीत ही सभा पाच मिनिटंसुद्धा चालली नसती. आमच्याकडे ठराव झाला की चतुर्थीपर्यंत थांबायचं.

आत्यानं मात्र ठरावावर भरवसा ठेवला नाही. पुढच्या रविवारी ती मला घेऊन बसनं देवनहळ्ळीला गेली. शेत शोधायला दोन तास लागले, कारण आता तिथं नाचणी उगवली होती. बांधावर काही पांढरे दगड एका बाजूला रचले होते. एक शेतकरीण भांगलत होती. आत्यानं कन्नडमध्ये विचारलं, ही जमीन कुणाची? ती म्हणाली, आमची, आणखी कुणाची? आणि दगड? ती हसायला लागली. "एक साहेब आला होता. म्हणाला, एका दिवसासाठी शेत भाड्यानं द्या, सिनेमाचं शूटिंग आहे. जेवणपण दिलं आम्हाला. तुम्ही होता का त्यात?"

"होतो," आत्या म्हणाली.

परत येताना ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "उद्या मी पोलिसात जाते."

त्या रात्री तिनं आमच्याकडे येऊन शेताचं सगळं सांगितलं. अण्णा ताटावर बसले होते. ते ऐकून त्यांचा हात थांबला, पण ते जे बोलले त्याबद्दल मी त्यांना कधी क्षमा केली नाही. ते म्हणाले, "तू माझी बहीण. तूच गेलीस तर मंडळात माझ्यावर कोण विश्वास ठेवील? स्वल्प थांब. गणपतीपर्यंत. माझ्यासाठी."

मी ओरडले. म्हटलं, तिचं घर जातंय आणि तुम्हाला तुमचा मान पडलाय! आईनं मला गप्प केलं. आत्या "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणून चपला घालून निघून गेली. मी जिन्यापर्यंत तिच्या मागं धावले. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि सांगितलं, त्याला आज जेवू दे, सकाळपासून उपाशी आहे.

ती गेली नाही पोलिसांत. जुलैमध्ये कंपनीचा भागीदार हैदराबादेला सापडला. जामीन मिळावा म्हणून त्यानं आपली दोन घरं विकून, ज्यांच्या सह्या तक्रारीवर होत्या त्यांना काहीतरी परत केलं. निम्मं नाही, पण तिसरा हिस्सा म्हणा. सही नसलेल्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. आमच्यातल्या एकाचीही सही नव्हती. तो तिसरा हिस्सा आत्याला मिळाला असता तर अण्णांची शिल्लक आणि आईचे दागिने घालून म्हाताऱ्या मालकाला निदान बयाणा देता आला असता, तो आणखी वर्षभर थांबला असता, हे गणित तिनंच मला नंतर करून दाखवलं. मला तेव्हा वाटलं, हिनं निदान एकदा तरी रडावं.

गणपती आले. अण्णा म्हणाले, सिनेमा दाखवायचा. आई नको म्हणाली, मंडळाचे सेक्रेटरीही नको म्हणाले. पण अण्णांना खरोखर वाटत होतं की तो येणार. यंत्र लावायच्या आधी त्यांनी पुढची एक सतरंजी झटकून घातली आणि तिथं मुलांना बसू दिलं नाही. मला ते बघवेना. राग तर होताच, पण त्या क्षणी त्यांची फार कीव आली.

हॉल भरला होता. बुडालेली सगळी माणसं आली होती, का आली होती देव जाणे. मी हँडल फिरवायला लागले. शेठची पेढी उघडली, विधवा पैसे घेऊन आल्या. एरवी या जागी बायका चुकचुकायच्या, मुलं शेठला शिव्या घालायची. त्या दिवशी यंत्राच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. शेठचं बोलणं आलं की अण्णा अडखळत होते. तुपात तळलेला तो आवाज त्यांच्या घशातून निघेना, कारण सगळ्यांच्या कानात तो आवाज आता दुसऱ्या कुणाचा तरी होता. कदाचित शनिवारच्या त्या काचेच्या खोलीतला अण्णांचाच.

कुलूप लागलं. म्हातारी पायरीवर बसली. शेठनं टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला, वळून पाहिलं, आणि पडदा पांढरा झाला. मी हँडल सोडलं. अण्णांनी दाराकडे एकदा पाहिलं. दारात प्रसादाची ताटं घेतलेल्या बायका होत्या, आणखी कुणी नव्हतं.

"मग शेठला ती म्हातारी दिसली," अण्णा म्हणाले. "त्याच्या काळजात कालवलं. तो टांग्यातून उतरला..."

"कधी?"

आवाज मोठा नव्हता. कंडक्टरकाकांची बायको होती ती, मुलीच्या लग्नाचे पैसे घालवलेली. तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "कधी उतरला, अण्णा?"

अण्णा उभे होते, काठी हातात, पांढऱ्या पडद्याच्या उजेडात. मग ते स्टुलावरून खाली उतरले आणि मागच्या दारानं निघून गेले. आरती कुणीतरी दुसऱ्यानं म्हटली. मी रिळं डब्यात भरत होते तेव्हा आत्या माझ्याजवळ आली, गोणपाटं पिळून वाळत घातली, आणि म्हणाली, "साकु. आता नको दाखवूस."

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून पोलिसांत गेले. बैल गेला आणि झोपा केला. इन्स्पेक्टरनं सह्या घेतल्या आणि विचारलं, तीन महिने काय करत होता?

दीपावळी झाल्यावर आम्ही आत्याचं सामान एका टेम्पोत भरलं. म्हातारा मालक फाटकाशी उभा राहून डोळे पुसत होता, मुलं घड्याळ बघत होती. आत्यानं न्हाणीघर घासलं, ओटा धुतला. मी म्हटलं, कशाला करतेस? पाडणार आहेत ते. ती म्हणाली, "पाडू देत. मी घाण ठेवून गेले असं नको." निघताना कढीपत्त्याच्या झाडाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आमच्या घरी तिला जिन्याखालची जागा मिळाली, जिथं आधी सायकल असायची. तीस वर्षांची यजमानीण, ती आता आईला विचारून चहा करायला लागली. ते "वैनी, स्वल्प चहा टाकू का?" ऐकलं की मला घर सोडून जावंसं वाटायचं.

अण्णा त्या घरात सावलीसारखे वावरायचे. ती स्वयंपाकघरात आली की ते अंगणात, ती अंगणात आली की ते गच्चीवर. ती मात्र त्यांना पूर्वीसारखीच वाढायची, गोळ्यांची आठवण करायची. तिची एकही तक्रार नाही याचंच त्यांना जास्त लागत असावं. शेवटी एका सकाळी, संक्रांतीच्या आसपास, ती उन्हात तीळ निवडत बसली होती आणि मी केस वाळवत होते, तेव्हा ते समोर येऊन उभे राहिले.

"मला शिव्या तरी घाल," ते म्हणाले. "माझ्यामुळं तुझं घर गेलं."

आत्यानं सूप खाली ठेवलं. "सगळं तुझ्यामुळं नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, जणू मलाच सांगायचं होतं. "तुझे आजोबा गेले त्या वर्षी ते रीळ वितळलं. मी नऊ वर्षांची, हा पंधराचा. गणपतीत गोष्ट सांगायची पाळी याच्यावर आली. खरा शेवट आम्ही दोघांनीही पाहिलेला होता. शेठ टांग्यात बसतो आणि जातो. म्हातारी पायरीवरच मरते, सकाळी झाडूवाला येतो. मी दर वर्षी तिथं रडायची. म्हणून मी अण्णाला म्हटलं, आता रीळच नाही, तर त्याला उतरव ना खाली, देऊ दे बिचाऱ्यांचे पैसे. यानं माझ्यासाठी बदललं. म्हाताऱ्या माणसांना खरं ठाऊक होतं, पण त्यांनाही हेच आवडलं. कुणी काही बोललं नाही."

अण्णा खाली बसले, तिच्यासमोर, जमिनीवर.

"मी तेव्हा पोर होते, अण्णा," आत्या म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "मला रडू आवरत नव्हतं म्हणून तू खोटं सांगितलंस, ते सरी. पण माझं घर त्याच्या हातात देताना तू पंधराचा नव्हतास. सही करू नको म्हणालास तेव्हाही नव्हतास. तो जातो, परत येत नाही, हे तुला ठाऊक होतं."

"होतं," अण्णा म्हणाले.